चोर्ला घाटात रेंज जाते, म्हणून वेगळा जीपीएस घ्यावा का?

प्रश्न गोव्यातल्या साखळी गावच्या एका भाजी व्यापाऱ्यांचा आहे. त्यांची पिकअप आठवड्यातून दोनदा बेळगावला जाते. ते लिहितात: "वाट मला तोंडपाठ आहे, पण आता नवा ड्रायव्हर ठेवलाय. चोर्ला घाटात फोनची रेंज गेली की मॅप थांबतो आणि हा गडबडतो. परत आल्यावर भाजी बार्देश-पेडण्यातल्या हॉटेलांत पोचवायची असते, तिथंही चुकतो. दुपारी फोन तापून बंद पडतो. मामेभाऊ इंग्लंडहून आलाय, त्याच्याकडे काचेला चिकटवायचा जुना जीपीएस आहे, तो देतो म्हणतो. म्हापशात एकाकडे सेकंडहँड आहे, साडेतीन हजार सांगतो. ही यंत्रं रेंज नसताना चालतात का? कुठलं घेऊ?"

चालतात. मामेभावाचं फुकट मिळतंय तर घ्या, पण खाली सांगतो तसं तपासून. म्हापशाचं, न बघताच सांगतो, नको. आणि दोन्ही नसली तरी तुमचं काम घरात पडलेल्या जुन्या फोनवर भागेल. तुमची खरी अडचण उपग्रहांची नाहीच, नकाशाची आणि नावांची आहे.

मी कोण ते आधी सांगतो, म्हणजे माझं कुठं खरं मानायचं आणि कुठं नाही ते तुम्हीच ठरवा. डिचोली भागात गाड्यांची वायरिंग करत मोठा झालो, गिऱ्हाईक म्हणजे खाणीचे ट्रक. २०१२ च्या सप्टेंबरात खाणी बंद पडल्या आणि मी टॅक्सीवाल्यांकडे वळलो. तेव्हा काचेवरचे नेव्हिगेटर जोरात खपत होते. मग फोनने तोही धंदा खाल्ला. आता महिन्याला एखादा नेव्हिगेटर दुकानात येतो, तोही बहुधा दुरुस्तीला, आणि बहुधा परदेशातून आलेल्या पाहुण्याचा.

आता रेंज. रेंज गेली म्हणजे मोबाइलच्या टॉवरशी संपर्क तुटला, बस. जीपीएसचे उपग्रह आपल्या डोक्यावर सुमारे २०,२०० किलोमीटरवर फिरत असतात, तीसेक आहेत, प्रत्येक जण साधारण बारा तासांत पृथ्वीला एक फेरी घालतो. ते फक्त बोलतात आणि आपलं यंत्र फक्त ऐकतं. आपण वर काहीच पाठवत नाही, म्हणून त्याला ना सिम लागतं, ना डेटा, ना महिन्याचं भाडं. प्रत्येक उपग्रह "मी अमुक आहे आणि आत्ता इतके वाजले" एवढंच सांगत असतो. तो संदेश यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर कळतं. तीन उपग्रहांवरून जागा मिळायला हवी, पण चौथा लागतो, कारण आपल्या यंत्रातलं घड्याळ स्वस्तातलं असतं. प्रकाश एका सेकंदाच्या अब्जाव्या भागात ३० सेंटीमीटर जातो. घड्याळ दहालाखाव्या भागाने चुकलं तरी अंतर ३०० मीटरने चुकलं. ती चूक काढायला चौथा उपग्रह.

मग घाटात थांबतं काय? पुढच्या वेळी केरी सोडून अंजुणे धरणाच्या वर चढलात की ड्रायव्हरच्या फोनकडे नीट बघा. निळा ठिपका थांबलेला नसतो. तो करड्या कोऱ्या कागदावर व्यवस्थित सरकत असतो. गेलेला असतो तो त्याच्याखालचा नकाशा, कारण फोन तो तुकड्यातुकड्याने नेटवरून उतरवतो. आणि वाट चुकलात तर नवी वाट काढून देणारा संगणकही दूर कुठंतरी बसलेला असतो, त्याला विचारता येत नाही. काचेवरच्या नेव्हिगेटरमध्ये नकाशा आणि वाट काढायचं डोकं दोन्ही आतच असतं. त्याची सगळी श्रीमंती एवढीच.

ही श्रीमंती फोनलाही देता येते. गूगल मॅप्समध्ये ऑफलाइन नकाशा उतरवून ठेवायची सोय आहे. साखळीपासून बेळगावपर्यंतचा चौकोन आणि उत्तर गोव्याचा चौकोन घरच्या वायफायवर उतरवा. रेंज नसतानाही गाडीची वाट काढून देतं, फक्त वाहतूक कुठं तुंबलीय ते सांगत नाही. हे नकाशे मुदतीचे असतात, नवे करून घ्यावे लागतात, हे मात्र लोक विसरतात आणि नेमके घाटात त्यांना ते आठवतं. दुसरा मार्ग म्हणजे ऑर्गॅनिक मॅप्स किंवा ऑसमॅण्ड. ही ॲप्स ओपनस्ट्रीटमॅप हा लोकांनी मिळून बनवलेला नकाशा वापरतात आणि सगळं फोनमध्येच ठेवतात. गावातल्या गल्ल्या, पायवाटा त्यात छान सापडतात. हॉटेलांची नावं मात्र गूगलइतकी नाहीत. मी दोन्ही ठेवतो.

एक गोष्ट मात्र फोन नेटकडून उसनी घेतो आणि ती घाटात नडते. यंत्र चालू झालं की कुठला उपग्रह कुठं आहे हे त्याला माहीत हवं. प्रत्येक उपग्रह स्वतःचा नेमका ठावठिकाणा सेकंदाला ५० बिट अशा बैलगाडीच्या वेगाने सांगतो, ३० सेकंदांनी तेच परत. सगळ्या उपग्रहांचं मिळून एक पंचांग असतं, इंग्रजीत त्याला अल्मॅनॅकच म्हणतात, ते पूर्ण ऐकायला साडेबारा मिनिटं लागतात. फोन हे सगळं नेटवरून दोन सेकंदांत मागवतो. म्हणून फोन घाटात बंद करून चालू केला की तो बिचकतो: पंचांग मागवायला नेट नाही, एका बाजूला डोंगर उभा, अर्धं आकाश झाकलेलं. ड्रायव्हरला एवढंच सांगा की साखळी सोडायच्या आधी ॲप चालू कर, बेळगाव लावून टाक, आणि जांबोटी येईपर्यंत त्याला हात लावू नकोस.

पावसाचं विचारलं नाहीत, पण विचारणार. पावसाने उपग्रहाचा संदेश अडत नाही. ओल्या झाडीने अडतो. जुलैत घाटात दोन्ही बाजूंनी झाडं ओथंबलेली असतात तेव्हा ठिपका जरा उड्या मारतो, त्यात यंत्राचा दोष नाही.

आता मामेभावाचा जीपीएस. अशी यंत्रं मी पुष्कळ पाहिलीत, इंग्लंड, पोर्तुगाल, गल्फ, जिथं जिथं गोंयकार तिथून. दुकानात गिऱ्हाईक ते काउंटरवर ठेवतं आणि म्हणतं, बाब, हे चालू होतं पण गोवा दाखवत नाही. दाखवणार कसं? त्यात युरोपचा नकाशा आहे. भारताच्या जागी किनाऱ्याची रेघ, फार तर दोनचार मोठे रस्ते. बाण अरबी समुद्राच्या काठी कोऱ्या जागेत उभा. कंपनी त्या मॉडेलसाठी भारताचा नकाशा अजून विकत असेल तर तो घ्यावा लागेल, आणि त्याची किंमत ऐकून पुष्कळ जण यंत्र परत पिशवीत टाकतात. गार्मिनच्या बऱ्याच मॉडेलांत ओपनस्ट्रीटमॅपवरून बनवलेला नकाशा मेमरी कार्डावर घालता येतो, फुकट, मी स्वतः घालून देतो. सगळ्या कंपन्यांच्या यंत्रांत तसं जमत नाही. त्यामुळे भावाला आधी विचारा यंत्र कुठल्या कंपनीचं, मॉडेल कुठलं.

नकाशा घातलात की पहिल्यांदा ते उघड्यावर न्या. यंत्राच्या आठवणीत अजून इंग्लंडचं आकाश आहे, ते सात हजार किलोमीटरहून जास्त सरकलंय. पत्र्याच्या शेडखाली ते तासभर नुसतं शोधत बसेल. मोकळ्या मैदानात गाडीच्या बॉनेटवर ठेवा, चहा घेऊन या, हलवू नका. पंधरा-वीस मिनिटांत सापडायला हवं. आणि हो, सेटिंगमध्ये जाऊन मैल काढून किलोमीटर करा. एका पर्वरीच्या गिऱ्हाइकाने हे न केल्यामुळे "विमानतळ १८" वाचून निवांत जेवण केलं होतं.

उघड्यावर ठेवलं असताना तारीख बघा. हे मी प्रत्येक जुन्या यंत्राला करतो. २०१९ च्या गणेश चवथीच्या दिवसांत एकाने त्याचा नेव्हिगेटर आणला, म्हणाला पोचायची वेळ भलतीच दाखवतंय. पडद्यावर तारीख होती जानेवारी २०००. बिघाड काहीच नव्हता. जीपीएसचा संदेश आठवडे मोजतो आणि ती मोजणी १०२४ आठवड्यांनी परत शून्यावर येते, म्हणजे साधारण १९ वर्षं ७ महिने. पहिल्यांदा ती ऑगस्ट १९९९ मध्ये उलटली, दुसऱ्यांदा ६ एप्रिल २०१९ च्या रात्री. ज्या यंत्रांचं सॉफ्टवेअर त्यासाठी सुधारलेलं नव्हतं ती बरोबर १०२४ आठवडे मागे गेली. रस्ता बहुतेक वेळा बरोबर दाखवतात, पण वेळ चुकते, रात्रीचा पडदा दिवसा लागतो, आणि काही तर जुन्या पंचांगावरून उपग्रह शोधत बसतात. कंपनी त्या मॉडेलला अजून अपडेट देत असेल तर संगणकाला जोडून दहा मिनिटांचं काम. देत नसेल तर त्या यंत्राचा हात सोडा.

म्हापशाच्या सेकंडहँडला मी नको म्हणालो ते याच्याहून साध्या कारणासाठी. भारतात विकल्या गेलेल्या जुन्या नेव्हिगेटरमध्ये नकाशा ज्या वर्षीचा, गोवाही त्याच वर्षीचा. आणि मधल्या काळात गोवा फार बदलला. मांडवीवरचा अटल सेतू जानेवारी २०१९ चा. झुआरीचा नवा पूल डिसेंबर २०२२ मध्ये एका बाजूने खुला झाला, दुसरी बाजू वर्षाने. मोपाच्या विमानतळावरून उड्डाणं ५ जानेवारी २०२३ पासून. तेव्हा तपासायची माझी रीत ही: यंत्र हातात घेतलं की मोपा विमानतळ शोधायचा. नाही सापडला तर नकाशा २०२३ च्या आधीचा. मग अटल सेतू. तोही नाही, तर त्या डब्याची किंमत त्याच्या चार्जरएवढी. साडेतीन हजार सांगणाऱ्याला हे दोन शोध तुमच्यासमोर करून दाखवायला सांगा.

अटल सेतूवर नवा नकाशा असूनही घोळ होतो, तो वेगळा. जुने दोन पूल आणि त्यांच्या मधोमध वरून जाणारा हा तिसरा. तिन्ही शेजारी-शेजारी. मोकळ्या आकाशाखाली साधं यंत्र पाचेक मीटरच्या आत-बाहेर चुकतं, आणि उंचीत तर त्याहून जास्त. त्यामुळे आपण वरच्या पुलावर आहोत की खालच्या, हे त्याला खात्रीने कळत नाही. ते जवळच्या रस्त्याला चिकटतं. पर्वरीकडून येताना तुम्ही वर असता आणि ते खालच्या पुलाच्या हिशेबाने "डावीकडे वळा" म्हणतं, जिथं डावीकडे फक्त मांडवी आहे. नव्या ड्रायव्हरला हे एकदा प्रत्यक्ष दाखवा. पुलावर फलक वाचायचा, यंत्र ऐकायचं नाही. दुचाकीला अटल सेतूवर बंदी आहे, हेही यंत्राला तुम्ही गाडीचा प्रकार सांगितलात तरच कळतं.

आता नावं. तुमचा ड्रायव्हर बार्देश-पेडण्यात चुकतो तो मला वाटतं निम्म्याहून अधिक वेळा इथंच. गोव्याची गावं पोर्तुगीज स्पेलिंगमध्ये नकाशात बसलीत. म्हापसा यंत्राच्या तोंडून "मापुसा" होतं, केपे "क्वेपेम", तुमची साखळी "सँक्वेलिम". ऐकून हसू येतं, पण शोधताना हसू जातं. केरी घ्या. तुमच्या वाटेवरचं सत्तरीचं केरी, घाटाच्या पायथ्याशी. पेडण्याचं केरी, तेरेखोलच्या मुखाशी, समुद्रकिनारा. आणि फोंड्याचं केरी. स्पेलिंग तिघांचं कधी "के"ने, कधी "क्यू"ने. माझ्या ओळखीच्या एका टॅक्सीवाल्याने मुंबईच्या कुटुंबाला केरीच्या बीचवर न्यायचं म्हणून मॅप लावला, गप्पांच्या नादात नुसतं पहिलं नाव दाबलं, आणि थेट अंजुणे धरणाकडे पोचला. पोरांनी पाणी बघून विचारलं, समुद्र एवढाच? त्याने मला हे सांगताना स्वतःला जे शब्द वापरले ते इथं लिहीत नाही. विमानतळाचंही तसंच. "गोवा एअरपोर्ट" एवढंच टाकलं तर दाबोळी की मोपा हे यंत्र ठरवतं. विमान चुकल्यावर यंत्राला कोण विचारणार?

पत्ता टाकून उपयोग नाही, कारण आपल्या गावांत घरांचे नंबर वाड्यावार असतात, रस्त्याच्या क्रमाने नव्हे. आणि आपण पत्ता सांगतो तो खुरीस (रस्त्याकडेचा क्रूस), पार, तिठा, पोर्तुगीजकाळचं अमक्याचं घर असा. म्हणून नाव सोडा आणि जागा घ्या, म्हणजे अक्षांश-रेखांश किंवा पिन. हॉटेलवाल्याला व्हॉट्सॲपवर लोकेशन पाठवायला सांगा. ते फोनमध्ये सरळ उघडतं. भावाच्या यंत्रात मात्र आकडे हाताने टाकावे लागतील, आणि तिथं एक खड्डा आहे. १५ अंश ३० मिनिटं म्हणजे १५.५ अंश, १५.३० नव्हे, कारण अंशाची मिनिटं साठ असतात. यंत्र दशांश अंश मागत असेल आणि तुम्ही १५.३० टाकलंत, तर पणजीजवळची जागा सुमारे २२ किलोमीटर दक्षिणेला सरकते, जवळजवळ मडगावपर्यंत. मी हे एका केटररच्या गाडीत पाहिलंय. लग्न बार्देशात, सोलकढी सासष्टीत. आकडे टाकायच्या आधी सेटिंगमध्ये मांडणी कुठली आहे ते बघा, मग टाका.

टपाल खात्याने २०२५ मध्ये डिजिपिन आणला: सगळ्या देशाचे साधारण चार मीटर बाय चार मीटरचे चौकोन, प्रत्येकाला दहा अक्षरं-आकड्यांची ओळख. आपल्यासारख्या वाड्यांच्या प्रदेशात हे रुजलं तर बरंच होईल. जुन्या नेव्हिगेटरला मात्र ते कळणार नाही.

फेरीबोटीचं सांगायला हवं. दिवाडी, चोडण, तेरेखोल, कामुर्ली-तुये इथं यंत्र अगदी सहज पाण्यावरून रेघ ओढतं आणि "सरळ चला" म्हणतं. फेरीबोट रात्री थांबते, फेस्ताच्या दिवसांत रांग लागते, पिकअपला जागा मिळेलच असं नाही. प्रत्येक ॲपमध्ये आणि यंत्रात "फेरी टाळा" अशी सेटिंग असते, ती चालू करा, आणि ज्या दिवशी खरंच दिवाडीला जायचं त्या दिवशी बंद करा. तसंच "सर्वांत जवळचा रस्ता" याऐवजी "सर्वांत लवकरचा" ठेवा. जवळच्या रस्त्याच्या हट्टापायी खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या खारशेतीच्या, बांधावर अडकलेल्या गाड्या मी दोरीने ओढल्यात.

फोन तापायचं. तो तापतो कारण तीन गोष्टी एकदम होतात: काचेतून येणारं ऊन, पूर्ण उजेडातला पडदा आणि चार्जिंग. पिकअपला एसी असेल तर होल्डर काचेवर नको, एसीच्या जाळीवर लावा. फोनची पाठ थंड राहते. एसी नसेल तर डॅशबोर्डवर खाली, स्टिअरिंगच्या आडोशाला, जिथं दुपारचं ऊन थेट पडत नाही. एअरबॅगच्या झाकणावर काहीही चिकटवू नका, ती फुटली की होल्डर तोंडावर येतो. घाटात पडद्याची गरजच कमी असते, पडदा बंद करून नुसता आवाज चालू ठेवला तरी काम होतं. काचेवरचे नेव्हिगेटर उन्हाला फोनपेक्षा जरा टणक असतात, पण जुन्या यंत्राची बॅटरी फुगलेली नाही ना ते पाठीवरून बोट फिरवून बघा. पाठ जरा जरी उचललेली वाटली तर ते चार्जिंगला लावू नका, आधी बॅटरी बदला. चिकटपट्टीचा रबर गरम पाण्याने धुवायचा, काच आतून कोरडी पुसायची, आणि गाडी सावलीत असताना लावायचा. उन्हात लावलेला रबर संध्याकाळी मांडीवर पडतो.

आणि चार्जर. हा माझा आवडता विषय आहे, जरा थांबतो. दोन वर्षांपूर्वी एक जण आला: नेव्हिगेटर घरी चालतो, गाडीत उपग्रहच सापडत नाहीत. काच बदललेली नाही, फिल्म नाही. मी यंत्रातलं उपग्रहांचं पान उघडलं, जिथं प्रत्येक उपग्रहाची एक उभी पट्टी असते. सगळ्या पट्ट्या तळाशी. मग डॅशकॅमचा चार्जर सॉकेटमधून उपसला. तीन सेकंदांत पट्ट्या वर चढल्या, पावसाळ्यात अळूची पानं उभी राहावीत तशा. परत लावला, परत खाली. दोनशे रुपयांचा चार्जर गाडीत विजेचा कचरा फेकत होता, आणि उपग्रहाचा संदेश इतक्या दुरून आलेला, इतका क्षीण असतो की तेवढ्या कचऱ्यात तो बुडतो. तुमच्या पिकअपमध्ये डॅशकॅम किंवा स्वस्तातला चार्जर असेल तर आधी हा प्रयोग करा. फुकट आहे.

कायद्याचं एका ओळीत: केंद्राच्या १ ऑक्टोबर २०२० पासूनच्या नियमांप्रमाणे गाडी चालवताना हातातलं संपर्काचं यंत्र फक्त वाट बघण्यासाठी, तेही लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने वापरता येतं. मांडीवर ठेवून नव्हे, होल्डरमध्ये. चालत्या गाडीत आकडे टाकायचे नाहीत.

भावाचं यंत्र घेण्याआधी आणखी एक खात्री करा, ही महत्त्वाची. ते नुसतं ऐकणारं आहे ना? परदेशात ट्रेकिंगसाठी अशी यंत्रं मिळतात जी दिसायला जीपीएससारखी, पण उपग्रहातून संदेशही पाठवतात, एसओएसचं बटण असतं. ती भारतात परवान्याशिवाय बाळगणं गुन्हा आहे. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर परदेशी प्रवाशांना याच कारणासाठी अडवल्याच्या बातम्या आल्या होत्या. काचेला चिकटवायचा साधा नेव्हिगेटर असेल तर काळजी नाही. एसओएसचं बटण दिसलं तर भावाला सांगा, तुझं तुझ्याकडेच ठेव.

आपल्या नाविकबद्दल, म्हणजे भारताच्या स्वतःच्या जीपीएससारख्या उपग्रहांबद्दल, लोक विचारतात. पहिला उपग्रह जुलै २०१३ मध्ये गेला, आणि २९ मे २०२३ ला सोडलेल्या एनव्हीएस-०१ पासून जीपीएसच्याच जुन्या लहरीवरही संदेश द्यायची सोय झाली, म्हणजे साध्या चिपलाही तो पकडता येईल. तुमच्या मामेभावाच्या यंत्राला त्याचा काही उपयोग नाही.

नवा नेव्हिगेटर विकत घ्यावा असं मी आज कुणाला सांगतो? मोटारसायकलवर पावसात लांब फिरणाऱ्यांना, कारण त्यांची यंत्रं पाण्याला दाद देत नाहीत आणि हातमोजे घालून दाबता येतात. बाकी कुणाला नाही.

तेव्हा तुमच्यासाठी असं करा. जुना फोन काढा, सिम नको, त्यात गोवा आणि लागून असलेल्या कर्नाटकाचा नकाशा उतरवा, होल्डरमध्ये बसवा, गाडीतच राहू दे. भावाचं यंत्र तपासणीत उतरलं तर तेही लावा, एकमेकांचे साक्षीदार. ड्रायव्हरला एक गोष्ट समजावा: बहुतेक यंत्रं सेकंदाला एकदाच जागा मोजतात. ताशी चाळीसने जाताना त्या सेकंदात गाडी अकरा मीटर पुढे गेलेली असते, त्यात पाच मीटरची चूक धरा. आपल्या गावांत दोन गल्ल्यांमध्ये तेवढंच अंतर असतं. म्हणून "आता वळा" ऐकल्यावर ब्रेक मारायचा नाही, आधी दोनशे मीटरवर सांगतं तेव्हाच वेग कमी करायचा.

आणि पहिल्या दोन फेऱ्या तुम्ही त्याच्याशेजारी बसा. प्रत्येक हॉटेलात, जिथं भाजी उतरते तिथं उभं राहून जागा सेव्ह करा, आणि तिला तुमच्या तोंडचं नाव द्या, हॉटेलच्या पाटीवरचं नव्हे. हॉटेलची पिन पुढच्या गेटवर असते, जिथं दरवान पिकअपला आत सोडत नाही. भाजी मागच्या दाराने जाते.